चुंबक, छातीतील धूळ आणि पेशीचा मऊपणा

आम्ही बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे वसाहतीत काही नवे आले की लोक आम्हाला विचारायला येतात. मागे आमच्या वसाहतीच्या सभागृहात एक गृहस्थ चुंबकाच्या गाद्या आणि मनगटात घालायची चुंबकाची कडी विकायला आले होते. चहा झाला, बिस्किटे झाली, पडद्यावर चित्रे दाखवून झाली. मग त्यांनी सांगितले की, रक्तात लोह असते, चुंबक त्या लोहाला ओढतो, त्यामुळे रक्त खेळते राहते आणि रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी आपोआप जाते. समोरच्या इमारतीतील एका मावशींनी हप्त्याने गादी घेतली. एवढ्यावर थांबले असते तर नुकसान पैशाचेच होते. पण मावशींनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. महिनाभराने त्या चक्कर येऊन जिन्यात पडल्या, तेव्हा घरच्यांना ही गोष्ट कळली.

त्याच सभेला आमच्या शेजारचे एक काका बसले होते. त्यांचे सारे आयुष्य वेल्डिंगच्या कामात गेले. सभा संपल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, "सर, रक्ताचे राहू द्या. माझ्या छातीत इतक्या वर्षांची लोखंडाची धूळ बसली असेल. ती तरी हा चुंबक ओढून काढील का?"

मावशींच्या गादीचे उत्तर सोपे होते. काकांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मात्र आम्हाला बरेच वाचावे लागले. त्या वाचनात असे दिसले की, चुंबक आणि शरीर यांच्याविषयी शास्त्रज्ञांनी गेली शंभर वर्षे खरोखर फार सुंदर काम केले आहे. ते काम चुंबकाने रोग बरा करण्याचे नाही. चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील मऊ पदार्थ किती मऊ, किती चिवट, किती प्रवाही आहेत हे मोजण्याचे ते काम आहे. काकांच्या छातीतील धुळीचा त्या कामाशी अगदी जवळचा संबंध आहे. म्हणून हा विषय या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रक्तातील लोह आणि चुंबक

प्रथम मावशींची गोष्ट संपवू. आपल्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातील मोठा भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असतो, हे खरे आहे. पण म्हणून रक्त चुंबकाकडे धावत नाही. खिळा चुंबकाला का चिकटतो? खिळ्यात लोखंडाचे असंख्य अणू एकमेकांना लागून असतात आणि चुंबक जवळ आला की सगळे एका दिशेला तोंड करून एकजुटीने ओढले जातात. हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा प्रत्येक अणू प्रथिनाच्या मोठ्या रेणूत एकटा बसलेला असतो. तेथे ही एकजूट नाही, म्हणून ओढही नाही.

लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरयेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३६ साली हे मोजून दाखवले. प्राणवायूने भरलेले रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकलले जाते आणि प्राणवायू सोडलेले रक्त अगदी किंचित ओढले जाते. दोन्ही बले इतकी क्षीण आहेत की ती टिपायला नाजूक उपकरण लागते. याहून सोपा पुरावा हवा असेल तर रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्र आठवावे. त्यातील चुंबक बहुधा दीड टेस्लाचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. त्यात माणूस अर्धा तास झोपतो आणि त्याचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही, की त्याचा रक्तदाबही बरा होत नाही. मग गादीतील चुंबकाच्या चकत्यांनी काय होणार?

तेव्हा शरीर चुंबकाला दाद देत नाही, ही पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चुंबकीय क्षेत्र मांसातून, हाडातून, रक्तातून जवळजवळ जसेच्या तसे आरपार जाते. गादी विकणाऱ्याला ही गोष्ट अडचणीची आहे. शास्त्रज्ञांना मात्र तीच उपयोगी पडली. ज्या पदार्थावर चुंबकाचा परिणाम होत नाही, त्या पदार्थात लोहाचा एक बारीक कण ठेवला तर चुंबक फक्त त्या कणालाच हलवील. आजूबाजूच्या कशालाही हात न लावता आपण आतल्या आत एक बोट फिरवू शकू. पुढचे सारे काम या एका कल्पनेवर उभे आहे.

मऊ पदार्थाची परीक्षा

बाजारात आंबा घेताना आपण तो अंगठ्याने हळूच दाबून पाहतो. दही लागले का हे भांडे जरासे तिरके करून पाहतो. कणीक मळताना बोट रुतवले की ती पुरेशी मळली का ते कळते. म्हणजे मऊ पदार्थ कसा आहे हे जाणण्याचा मार्ग एकच: त्यावर थोडा जोर लावायचा आणि तो किती हलतो, किती परत येतो ते पाहायचे.

काकवीत चमचा फिरवला तर ती हळूहळू सरकते आणि चमचा काढला की सरकली तेथेच राहते. रबर ताणला तर सोडताच मूळ जागी येतो. पहिल्या गुणाला श्यानता म्हणतात, दुसऱ्याला स्थितिस्थापकता. आपल्या शरीरातील बहुतेक मऊ पदार्थ या दोहोंच्या मधले आहेत, कणकेसारखे. थोडे परत येतात, थोडे सरकून जातात. त्यांचा ताठरपणा पास्कल या एककात मोजतात. आकडा जितका मोठा तितका पदार्थ कडक. मेंदूचा ताठरपणा साधारण हजार पास्कल किंवा त्याहून कमी, सैल स्नायूचा दहा हजारांच्या आसपास, आणि हाडाचा एक-दोन हजार कोटी पास्कल. एकाच देहात एवढे अंतर आहे.

आता अडचण अशी की, आंबा अंगठ्याने दाबता येतो, पण पेशी कशी दाबणार? ती केसाच्या जाडीहूनही लहान. सुई टोचली तर तिला इजा होते आणि मग आपण जिवंत पेशीची नव्हे, जखमी पेशीची परीक्षा करतो. येथे चुंबक कामाला येतो.

बल किती लागते याचाही अंदाज घेऊ. या कामात बल पिकोन्यूटनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे दहा अब्ज भाग केले तर त्यातील एका भागाचे जे वजन, ते साधारण एक पिकोन्यूटन. आपल्या एका तांबड्या रक्तपेशीचे वजन जवळपास तेवढेच भरते. पेशीची परीक्षा करायला अशी काही पिकोन्यूटनांपासून काही हजार पिकोन्यूटनांपर्यंतची बले वापरतात.

पहिले प्रयत्न

जर्मनीत १९२० नंतरच्या काही वर्षांत फ्रॉइंडलिश आणि सायफ्रिट्झ यांनी जिलेटिनच्या गोळ्यात निकेलचे बारीक कण घातले आणि विद्युतचुंबकाने ते ओढले. विद्युतप्रवाह बंद करताच कण उलट दिशेने मागे आला. म्हणजे जिलेटिनने त्याला रबरासारखे परत खेचले. त्याच सुमारास आल्फ्रेड हाइलब्रॉन यांनी एका बुळबुळीत बुरशीसारख्या जिवाच्या जीवद्रव्यात लोखंडाचे कण हलवून पाहिले. जिवंत पदार्थाला आतून चाचपण्याची ही सुरुवात होती.

पुढचे मोठे नाव फ्रान्सिस क्रिक यांचे. १९५३ साली जेम्स वॉटसन यांच्यासह डी.एन.ए.च्या दुहेरी सर्पिलाचा शोध लावणारे आणि १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते क्रिक. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलासाठी चुंबकीय सुरुंग तयार करण्याच्या कामावर होते. युद्ध संपल्यावर १९४७ साली ते केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत जीवशास्त्र शिकायला आले आणि तेथे त्यांच्या वाट्याला आला तो पुन्हा चुंबकच. मात्र या वेळी जहाजे बुडवण्यासाठी नव्हे, पेशी समजून घेण्यासाठी.

आर्थर ह्यूजेस यांच्याबरोबर त्यांनी कोंबडीच्या गर्भातील पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या. त्या पेशींनी चुंबकीय कण आपण होऊन गिळले. मग चुंबकाने त्या कणांना पिळून, ओढून आणि ढोसून पाहिले. १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेशीच्या आतला पदार्थ साधे पाणी नाही आणि एकसारखी जेलीही नाही, असे त्यांना दिसले. एखाद्या घरातील शिवणकामाची टोपली असावी, तीत मणी, बटणे, टाचण्या, दोरे सगळे एकत्र असावे आणि एकमेकांत अडकलेले असावे, असे काहीसे ते आहे, असे त्यांनी सुचवले. त्या दोऱ्यांचे म्हणजे पेशीच्या आतील सांगाड्याचे खरे रूप पुढे कित्येक वर्षांनी उलगडले.

छातीतील धूळ मोजली गेली

आता इंग्लंडमधून अमेरिकेत जाऊ, कारण काकांचा प्रश्न तेथे सुटतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एम.आय.टी. या संस्थेत डेव्हिड कोहेन यांनी धातूच्या अनेक थरांच्या भिंतींची एक खोली बांधली होती. बाहेरच्या मोटारी, विजेच्या तारा, इतकेच काय पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही त्या खोलीत जवळजवळ पोचत नसे. अशा शांत खोलीत माणसाच्या शरीरातून येणारे अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्रही टिपता येई. १९७३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, काही माणसांच्या छातीत चुंबकीय धूळ आहे आणि ती बाहेरून मोजता येते. अशा माणसांत वेल्डिंग करणारे कामगार होते.

मोजण्याची रीत अशी. माणसाच्या छातीवर थोडा वेळ चुंबकीय क्षेत्र लावायचे. त्यामुळे फुप्फुसातील लोहाच्या ऑक्साइडचे कण होकायंत्राच्या सुयांप्रमाणे एका दिशेला वळतात. मग क्षेत्र बंद करायचे आणि त्या कणांचे उरलेले एकत्रित चुंबकत्व संवेदनशील उपकरणाने मोजायचे. कण जास्त तर चुंबकत्व जास्त. शस्त्र नाही, सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

या रीतीने पुढे एक साधा पण फार मोलाचा प्रयोग झाला. कोहेन, अराई आणि ब्रेन यांनी काही निरोगी माणसांना मॅग्नेटाइट या लोहाच्या काळ्या ऑक्साइडची निरुपद्रवी धूळ अत्यल्प प्रमाणात श्वासावाटे दिली आणि महिनोन् महिने त्यांच्या छाती मोजल्या. १९७९ साली निष्कर्ष आला. सुमारे एक वर्षानंतर धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुप्फुसात मूळच्या धुळीपैकी १० टक्के उरली होती. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसात ५० टक्के उरली होती. प्रयोगातील माणसे मोजकीच होती, पण दोन गटांतील फरक ठळक होता.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. फुप्फुस ही काही नुसती पिशवी नव्हे. आत गेलेली धूळ बाहेर काढण्याची व्यवस्था तिच्यात आहे. श्वासनलिकेतील केसासारखे तंतू चिकट कफ वर लोटतात, आणि खोल वायुकोशांत भक्षक पेशी धुळीचे कण गिळून त्यांची विल्हेवाट लावतात. हे आपले घरचे सफाई कामगारच म्हणावेत. धूम्रपानाने त्यांचे काम मंदावते. चुंबकाने लोहाची धूळ दाखवली म्हणून ती दिसली. दगडाची, सिमेंटची, कापसाची धूळ चुंबकाला दिसत नाही. पण ती साफ करणारी व्यवस्था तीच आहे. म्हणून संशोधकांनी तेव्हाच सांगून ठेवले की, लोहाच्या धुळीचे जे होते तेच कारखान्यातील इतर विषारी धुळींचेही होत असावे. ज्याच्या कामात धूळ आहे त्याने बिडी-सिगारेट ओढणे म्हणजे घरात कचरा येत असताना झाडू मोडून टाकण्यासारखे आहे. बिडी सौम्य असते असे पुष्कळांना वाटते. तो गैरसमज आहे. तिच्याही धुरात डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड असतात.

कणांचे चुंबकत्व का विस्कटते

कोहेन यांच्या मोजणीत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. कणांना एका दिशेला वळवल्यावर छातीचे चुंबकत्व टिकून राहत नसे. काही मिनिटांतच ते उतरू लागे. कण तर छातीतून कुठे गेलेले नसत. मग चुंबकत्व का उतरते?

हार्व्हर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात जोसेफ ब्रेन, पीटर व्हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. कण भक्षक पेशींच्या पोटात होते, आणि जिवंत पेशीच्या आत सतत हालचाल चालू असते. त्या घुसळणीत प्रत्येक कण वेगवेगळ्या दिशेला फिरतो आणि सर्वांचे मिळून दिसणारे चुंबकत्व विस्कटते. त्यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या फुप्फुसातील भक्षक पेशी काढून बाहेर तपासल्या, तेव्हा तेथेही तेच दिसले. पेशी रसायनाने मारून स्थिर केली की चुंबकत्व जवळजवळ उतरतच नसे. म्हणजे कणांचे चुंबकत्व किती लवकर विस्कटते यावरून पेशीच्या आत किती हालचाल आहे आणि आतला पदार्थ किती चिकट आहे, हे कळू लागले. कामगारांच्या छातीतील धूळ मोजता मोजता शास्त्रज्ञ पेशीच्या अंतरंगात जाऊन पोचले.

पेशीला पिळून पाहणे

त्याच विद्यालयातून पुढचे पाऊल पडले. १९९३ साली निंग वांग, जेम्स बटलर आणि डोनाल्ड इंगबर यांनी कण पेशीच्या आत न घालता तिच्या पृष्ठभागावर चिकटवले. हे कण म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधराव्या भागाएवढे गोल मणी. त्यांवर असा लेप दिला होता की, पेशीच्या अंगावरील 'इंटिग्रिन' नावाच्या रेणूंनी त्यांना घट्ट धरावे. एका क्षणापुरते जोरदार चुंबकीय क्षेत्र लावून सर्व मण्यांना आडव्या दिशेने चुंबक बनवले. मग काटकोनात दुसरे, कमजोर क्षेत्र लावले. होकायंत्राची सुई जशी उत्तरेकडे वळू पाहते तसा प्रत्येक मणी या नव्या दिशेकडे वळू पाहतो. पण तो पेशीला चिकटलेला असल्यामुळे पेशी त्याला अडवते. मणी जितका कमी वळला तितकी पेशी ताठर.

यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, पेशीला जास्त पिळले की ती जास्त ताठर होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मणी इंटिग्रिनला न चिकटवता पृष्ठभागावरील दुसऱ्या एका रेणूला चिकटवला तर पेशी फारसा विरोध करीत नाही. मंडपाचा ताणलेला दोर ओढला तर सारा मंडप हलतो. नुसती झालर ओढली तर झालरच हातात येते. तसाच हा प्रकार. इंटिग्रिन हा दोर आहे आणि तो आतल्या सांगाड्याला बांधलेला आहे. म्हणजे पेशीला बाहेरून दिलेला ताण तिच्या अंतर्भागापर्यंत पोचतो आणि पेशी त्याला उत्तर देते. पेशी फक्त रसायनांची भाषा जाणते असे पूर्वी समजत. ती स्पर्शाची भाषाही जाणते हे येथे स्पष्ट झाले.

दम्याच्या अभ्यासात याचा लगेच उपयोग झाला. श्वासनलिकेभोवती स्नायूंचे वेटोळे असते. दम्यात ते आवळते आणि माणसाला श्वास सोडता येत नाही. मनुष्याच्या श्वासनलिकेतील स्नायूपेशी काचेत वाढवून त्यांवर मणी चिकटवले. हिस्टामिन घातले तर पेशी ताठर झाल्या आणि दम्यात देतात तशा जातीचे औषध घातले तर त्या सैल पडल्या. असे प्रयोग १९९६ सालापासून प्रसिद्ध आहेत. एखादे द्रव्य श्वासनलिका सैल करील की नाही, हे जनावरावर किंवा माणसावर न वापरता आधी एकेका पेशीवर पाहता येऊ लागले.

२०१० साली एक अनपेक्षित गोष्ट कळली. अमेरिकेतील एका संशोधक गटाने, ज्यांच्या निबंधावर पहिले नाव दीपक देशपांडे यांचे आहे, दाखवले की श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवरही जिभेसारखे कडू चव ओळखणारे रेणू असतात आणि कडू द्रव्ये घातली की त्या पेशी सैल पडतात. पेशी सैल पडल्याचे मोजले ते याच चुंबकीय मण्यांनी. वाचकांनी यावरून दम्याला कारल्याचा रस सुरू करू नये. काचेतील पेशीपासून रुग्णाच्या औषधापर्यंतचा रस्ता लांब असतो. डॉक्टरांनी दिलेला पंप सोडायचा नाही.

माशाच्या गर्भात आणि गाठीच्या शेजारी

काचेतील पेशीवरून शास्त्रज्ञ जिवंत प्राण्याकडे वळले. झेब्राफिश हा आपल्या भारतीय उपखंडातील ओढ्यांत सापडणारा पट्टेरी मासा. त्याचा गर्भ पारदर्शक असतो म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे ओत्गेर काम्पास यांच्या गटाने त्याच्या गर्भात चुंबकीय तेलाचा अगदी बारीक थेंब सोडला. चुंबक जवळ आणला की थेंब लांबट होतो, दूर नेला की परत गोल होऊ पाहतो. किती लांबला आणि कसा परतला यावरून भोवतालच्या ऊतींचा मऊपणा कळतो. २०१७ आणि २०१८ साली त्यांनी दाखवले की, वाढत्या शेपटीच्या टोकाशी ऊती जवळजवळ प्रवाही असते आणि तेथून डोक्याच्या दिशेने जावे तशी ती घट्ट होत जाते. कुंभार जसा ओल्या मातीला आकार देतो आणि मग ती सुकू देतो, तसे शरीर आपला आकार घडवते.

पॅरिसच्या क्यूरी संस्थेत एमान्युएल फार्ज यांच्या गटाने २०१५ साली उंदरांच्या आतड्यात चुंबकीय कण पोचवले आणि बाहेर लहान चुंबक ठेवून तेथील निरोगी पेशींवर वाढत्या गाठीइतका दाब दिला. कर्करोग नसतानाही त्या पेशींत कर्करोगाशी संबंधित एक रासायनिक साखळी जागी झाली. म्हणजे गाठ शेजाऱ्यांना केवळ विषाने नव्हे, दाबानेही बिघडवू शकते. आमच्या भगिनींना यातून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ताठरपणा हे शरीराचे बोलणे आहे. स्तनात किंवा अन्यत्र टणक गाठ हाताला लागली तर ती दुखत नाही म्हणून लपवून ठेवू नये. तपासून घ्यावी.

मग धूळ ओढून का काढता येत नाही?

काकांना याचे उत्तर आम्ही एका चुंबकाने आणि शाळेतल्या लोहकिसाने दिले. चुंबक किसाजवळ नेला तर कीस उडी मारून येतो; वीतभर दूर धरला तर हलतही नाही. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. शिवाय कण ओढण्यासाठी क्षेत्र एका बाजूला तीव्र आणि दुसऱ्या बाजूला मंद असावे लागते. सगळीकडे सारखे क्षेत्र असेल तर कण वळतो, पण जागचा सरकत नाही. म्हणूनच छाती मोजताना कण फक्त वळले.

दुसरी अडचण आकाराची. कण दहापट लहान केला तर त्यावरील ओढ हजारपट घटते, पण भोवतालच्या पदार्थाचा अडथळा दहापटच घटतो. वेल्डिंगच्या धुरातील कण अतिसूक्ष्म असतात आणि ते पेशींच्या आत अडकलेले असतात. त्यांना छातीबाहेरून ओढून काढता येईल असा चुंबक नाही. आणि ओढलेच तरी ते मांस फाडून कोठून बाहेर येणार?

काका हुशार. ते म्हणाले, "पण सर, आमच्या एका माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता, तो डॉक्टरांनी चुंबकाने काढला होता." तेही खरे आहे. बर्लिनमध्ये हिर्शबर्ग यांनी १८७९ साली विद्युतचुंबकाने डोळ्यातील लोखंडाचा तुकडा काढला होता. तेथे तुकडा मोठा, चुंबक अगदी जवळ आणि डोळ्याच्या आतील पदार्थ मऊ. म्हणून ते जमते. पण ते डोळ्यांच्या डॉक्टरांचे काम आहे. कारखान्यात कोणी चुंबकाची कांडी डोळ्याला लावू नये. ज्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल त्यांनी एम.आर.आय. करण्यापूर्वी ते अवश्य सांगावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी ताकदवान चुंबकाच्या जवळ जाऊ नये.

शेवटी दोन शब्द

चुंबकाने काकांची धूळ निघणार नव्हती. पण चुंबकानेच सिद्ध केले होते की धूम्रपान न करणाऱ्याच्या फुप्फुसातून ती धूळ वर्षभरात बहुतांशी आपोआप जाते. आम्ही काकांना १० आणि ५० टक्के हे दोन आकडे कागदावर लिहून दिले. ते छातीच्या बाह्यरुग्ण विभागात गेले, फुंकून पाहण्याची तपासणी झाली, औषध सुरू झाले. बिडी सोडून त्यांना आता आठ महिने झाले. मध्ये दोनदा ओढली, हे ते स्वतःच सांगतात. मावशींच्या गोळ्याही पुन्हा सुरू झाल्या आहेत. गादीचे हप्ते मात्र अजून फिटायचे आहेत.

वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली ठरवले आहे. आमच्या तरुणांपैकी पुष्कळजण आजही त्याच कामावर आहेत. त्यांनी धूर खेचून घेणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी मालकाकडे मागून घ्यावी. ती भीक नव्हे. आणि ज्या मुला-मुलींना विज्ञानाची गोडी आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, चुंबकाच्या गादीवर आणि चुंबकाच्या मण्यावर काम करणारा चुंबक एकच आहे. एकाने सांगितले आणि लोकांनी मानले. दुसऱ्याने मोजले, लिहून ठेवले आणि इतरांना तपासायला दिले. कोणी काही विकायला आले तर त्याला एवढेच विचारावे: "हे कोणी मोजले, आणि किती भरले?"